महागडा इलेक्ट्रिक टूथब्रश: दीड वर्षाचा घरचा अनुभव

जाईजुई (पुणे), 11 जानेवारी, रात्री 9:20

मंडळी, इलेक्ट्रिक टूथब्रश घ्यावा का, असा प्रश्न इथे अधूनमधून येतो आणि दोन-चार उत्तरांत विषय संपतो. आमच्या घरी वरच्या श्रेणीतला ब्रश येऊन दीड वर्ष झालं. घेण्याआधी मला जे कुणीतरी सांगायला हवं होतं, ते सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मला ब्रँड सुचवायचा नाहीये.

सुरुवात माझ्या हिरड्यांपासून. लहानपणापासून मी दात खसाखसा घासत आले. जोर लावल्याशिवाय दात स्वच्छ निघत नाहीत, हीच घरातली शिकवण. ब्रशचे केस दीड महिन्यात पिंजारायचे आणि मला वाटायचं, ब्रशच हलका मिळाला. पन्नाशी उलटल्यावर डाव्या बाजूच्या वरच्या सुळ्याला गार पाणी लागलं की कळ पार डोळ्यापर्यंत जायला लागली. आमच्या दातांच्या डॉक्टरांनी हातात आरसा देऊन दाखवलं. सुळ्याच्या मुळाशी, हिरडीला लागून, नखाला अडेल अशी खाच होती. कीड कुठेच नव्हती. "ही घासून घासून पडलीय," म्हणाले. त्यांनी खाच भरून दिली, पण मागे सरलेली हिरडी आपोआप परत येत नाही, हेही स्पष्ट सांगितलं. मऊ ब्रश वापरायला लागले, पण तोही मी तेवढ्याच जोराने घासत होते. आपण किती दाबतोय ते आपल्याला कळतच नाही, खरी अडचण ती आहे.

मुलगा जर्मनीत असतो. येताना त्याने हा ब्रश आणला. पावती नंतर माझ्या हाती लागली, दीडशे युरोच्या वर. मी आधी रागावलेच. पण त्या ब्रशच्या मानेला एक दिव्याची कडी आहे. अगदी हलका टेकवला तर पांढरी, योग्य दाबाला हिरवी, जास्त दाबलं की लाल. पहिल्या दिवशी आरशात बघत होते आणि पूर्ण दोन मिनिटं कडी लालच होती.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. साधा ब्रश माझ्या नेहमीच्या जोराने काट्यावर दाबला तर आकडा साडेचारशे ग्रॅमच्या पुढे. हा ब्रश दाबला तर अडीचशेच्या आसपास दिवा लाल झाला. म्हणजे हवा त्याच्या जवळजवळ दुप्पट जोर मी वर्षानुवर्षं रोज दोन वेळा हिरड्यांवर काढत होते. तो आकडा बघून मला खरंच वाईट वाटलं. ज्यांच्याकडे काटा आहे त्यांनी हे एकदा करून बघाच, कुठलाही महागडा ब्रश न घेता करता येतं.

वापरायची पद्धतही वेगळी आहे. घासायचं नाही. शर्टाच्या बटणाएवढं गोल डोकं एका दातावर टेकवायचं, अर्धं दातावर, अर्धं हिरडीच्या काठावर, मनात दोन आकडे मोजायचे आणि पुढच्या दातावर सरकायचं. बाहेरची बाजू, आतली बाजू, मग चावायची बाजू. दर 30 सेकंदांनी ब्रश हातात किंचित अडखळतो. तोंडाचे चार भाग धरले तर पुढच्या भागात जायची ती खूण. आतली बाजू मी आजवर किती सोडत होते ते तेव्हा कळलं. खालच्या पुढच्या दातांच्या मागे माझं कीटण कायम साठायचं, ते आता सहा महिन्यांच्या स्केलिंगला, म्हणजे डॉक्टरांकडून दात साफ करून घेताना, बरंच कमी निघतं.

पण हा धागा मी काढला तो बाबांमुळे. बाबा 78 वर्षांचे. आयुष्यभर कारखान्यात फिटर होते. गेल्या वर्षीच्या आधीच्या दिवाळीत त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. चालायला लागले, बोलायला लागले, पण उजव्या हाताची पकड आली नाही. डाव्या हाताने साधा ब्रश त्यांना फिरवताच येत नव्हता. मी घासून द्यायला गेले की तोंड फिरवायचे. आयुष्यभर स्वतःच्या हातांवर जगलेल्या माणसाला मुलीने दात घासून देणं सोसत नव्हतं. तोंडाला वास यायला लागला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं.

एके दिवशी मी बेसिनपाशी असताना ते मागे उभे राहून दिवा बघत होते. म्हणाले, "लाल कशाला होतोय?" सांगितलं. म्हणाले, "मग लेथसारखंच आहे की हे. टूल काम करतंय, आपण फक्त धरायचं. दाबलं की जॉब खराब." दुसऱ्या दिवशी नवीन हेड, म्हणजे ब्रशचं बदलता येणारं डोकं, लावून ब्रश त्यांच्या डाव्या हातात दिला. मूठ जाड असल्यामुळे पकड बसली. हात फिरवायची गरजच नव्हती, फक्त एका दातावरून दुसऱ्यावर न्यायचा. पहिल्या दिवशी त्यांना सात मिनिटं लागली. मी बाहेर उभी राहिले, आत गेले नाही.

आज ते सकाळ-रात्र स्वतः दात घासतात. मुलाने आणलेला ब्रश आता त्यांचाच झाला आहे आणि मी माझ्यासाठी दुसरा, दाबाचा दिवा असलेलाच पण खालच्या श्रेणीतला, घेतला.

कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.

मुलुंडकर, 11 जानेवारी, रात्री 10:05

बाबांचं वाचून बरं वाटलं. पण सरसकट माणसाला याची गरज आहे, हे मला पटत नाही. आमचे आजोबा जुन्नरजवळच्या गावात कडुनिंबाच्या काडीवर 85 वर्षांचे झाले, शेवटपर्यंत ऊस सोलून खात होते. दीडशे युरोत एका कुटुंबाचं दोन-तीन वर्षांचं दातांच्या तपासणीचं काम होतं. ते पैसे डेंटिस्टला द्यावेत, ब्रशला नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे.

निळाई, 11 जानेवारी, रात्री 11:30

मी दंतवैद्य आहे, साताऱ्याकडे प्रॅक्टिस करते.

मुलुंडकर, तपासणी आधी आणि ब्रश नंतर, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. काडीबद्दल एक सांगते. काडी चावून तिचा कुंचला करणं आणि दहा मिनिटं शांतपणे एकेक दात घासणं, हे आजोबा मन लावून करत असणार. शिवाय त्यांच्या ताटात साखर, बिस्किटं किती होती? माझ्याकडे येणाऱ्या त्यांच्याच वयाच्या आज्यांपैकी कितीतरी जणींनी आयुष्यभर मिश्री लावली, राखुंडी लावली. त्यांचे पुढचे दात बाहेरच्या बाजूने झिजून पिवळे दिसतात. आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, तिचा धोका वेगळा. जुनं ते सगळं सोनं नव्हतं.

आता पुराव्याचं. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा 2014 चा आढावा आहे, 56 चाचण्या एकत्र करून केलेला. साध्या ब्रशच्या तुलनेत इलेक्ट्रिक ब्रशने तीन महिन्यांपेक्षा जास्त वापरानंतर प्लाक (दातांवरचा चिकट थर) 21 टक्के आणि हिरड्यांची सूज 11 टक्के कमी आढळली. फरक आहे, पण आभाळाएवढा नाही. ज्याला साधा ब्रश 45 अंशात हिरडीच्या काठाला लावून, हलक्या हाताने, दोन मिनिटं वापरता येतो, त्याला मी कधीही इलेक्ट्रिक घ्या म्हणत नाही.

मी तो सुचवते तीन प्रकारच्या लोकांना. जोरात घासणारे. हाताची पकड किंवा हालचाल कमी झालेले. आणि दात सरळ करायच्या तारा बसवलेली मुलं.

यात योगायोग काहीच नाही. पहिला चाललेला इलेक्ट्रिक ब्रश स्वित्झर्लंडमध्ये 1954 मध्ये डॉ. फिलिप-गी वूग यांनी केला, ब्रॉक्सोडेंट नावाचा. तो मुळात काढला होता हातांची हालचाल मर्यादित असलेल्या रुग्णांसाठी आणि तारा लावलेल्यांसाठी. तेव्हा तो भिंतीतल्या प्लगला वायरने जोडून वापरावा लागायचा. बिनवायरचा, चार्ज होणारा ब्रश जनरल इलेक्ट्रिकने 1961 मध्ये आणला. म्हणजे जाईजुई, तुमच्या बाबांसारख्यांसाठीच ही वस्तू जन्माला आली, चैनीची ती नंतर झाली.

महागातले दोन मुख्य प्रकार आहेत. गोल डोक्याचे, जे अर्धवट फिरून उलट येतात, ओरल-बी वगैरे. आणि लांबट डोक्याचे सॉनिक, ज्यात केस कडेकडेने फार वेगाने हलतात. फिलिप्स सॉनिकेअर मिनिटाला 31,000 स्ट्रोक सांगतं. दोन्ही चांगले. आकड्यांच्या मागे लागू नका. दाब कळण्याची सोय, 30 सेकंदांची खूण आणि मऊ हेड, या तिघांवर पैसे द्या. रंगीत पडदा, सात-सात मोड, मोबाईलवरचं ॲप हे नसलं तरी दाताला काही फरक पडत नाही.

डॅलसकर, 12 जानेवारी, सकाळी 7:15

अमेरिकेतून आई-वडिलांसाठी ब्रश नेणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. मी 2019 मध्ये सांगलीला आईसाठी नेला होता. दोन पिनांचा अडॅप्टर लावला, सॉकेटमध्ये घातला आणि थोड्याच वेळात चार्जरमधून जळल्याचा वास. आई घाबरून गेली, ते मला अजून आठवतं.

अमेरिकेत घरातली वीज 120 व्होल्टची, आपल्याकडे 230 ची. अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. चार्जर उलटा करून खालची बारीक अक्षरं वाचा. 100-240V असं असेल तर भारतात बिनधास्त चालेल. नुसतं 120V किंवा 110-130V लिहिलेलं असेल तर लावूच नका. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत हे वेगळं असू शकतं, म्हणून खोका विकत घेतानाच बघा. जर्मनीचा चार्जर पुण्यात चालला कारण तिथेही 230 आहे.

चार्जिंगला उघडा धातू कुठेच नसतो, म्हणून ओल्या बेसिनवर ते सुरक्षित वाटतं. स्टँडमध्ये एक वेटोळं, ब्रशच्या बुडात दुसरं, आणि मधल्या चुंबकी क्षेत्रातून वीज जाते. पण स्टँडची वायर आणि प्लग साधेच असतात. ते पाण्यापासून लांब ठेवा, गीझरखालच्या सॉकेटला तर नकोच.

रानवारा (रत्नागिरी), 12 जानेवारी, दुपारी 1:40

आमच्याकडची अडचण वेगळी आहे. ब्रश ऑनलाइन मिळतो, पण हेड तालुक्याला मिळत नाही. दर तीन महिन्यांनी हेड बदलायचं. एक हेड मला सातशे-आठशेला पडतं, घरात चार माणसं, म्हणजे वर्षाला बारा हजार. कुणी हा हिशोब आधी सांगत नाही. स्वस्तात मिळणारी बिननावाची हेडं एकदा घेतली. दुसऱ्या आठवड्यात आतली पिन सैल होऊन हेड तोंडातच खडखडायला लागलं, ती फेकून दिली.

दुसरं, आमच्या दमट हवेत हेड आणि मूठ यांच्या मध्ये काळा चिकट थर साठतो. पहिल्यांदा बघितला तेव्हा अंगावर काटा आला, हे रोज तोंडात जात होतं. हे सगळ्याच ब्रशांना होतं का?

निळाई, 12 जानेवारी, दुपारी 3:10

होतं, सगळ्यांना. पेस्ट, लाळ आणि पाणी दांड्यावरून खाली उतरून तिथे साठतं. रोज रात्री हेड काढून वाहत्या पाण्याखाली धुवायचं, मूठ पुसायची आणि हेड वेगळं उभं वाळत ठेवायचं. कॅप लावून बंद करू नका. आठवड्यातून एकदा जुन्या मऊ ब्रशने दांड्याच्या बुडाशी घासायचं. स्टँडच्या खड्ड्यातही तेच साठतं, तो प्लग काढून मगच पुसायचा.

हेडचे केस तीन महिन्यांच्या आत वाकले तर लगेच बदला, आणि आपण दाबतोय हेही ओळखा. काळी पावडर, कोळशाची पेस्ट, मीठ यातलं काहीही इलेक्ट्रिक ब्रशवर घेऊ नका, झीज वाढेल. फ्लोराइडची साधी पेस्ट, वाटाण्याएवढी. घासल्यावर थुंका, पण खळखळून चुळा भरू नका, फ्लोराइड दातावर राहू दे.

आणि दोन दातांमधल्या फटीत कुठलाही ब्रश पोहोचत नाही, दीडशे युरोचाही नाही. फ्लॉस (फटीतून फिरवायचा बारीक दोरा) किंवा फटीचा बारीक ब्रश लागतोच.

चिमणपाखरू, 12 जानेवारी, रात्री 8:55

माझ्या मुलीला तारा आहेत, वय 13. सॉनिक घेतला. पहिले काही दिवस नाकात गुदगुल्या होतात म्हणून ती वैतागली, सोडून देईन म्हणाली. पण त्यात हळूहळू वेग वाढवायची सोय होती, पहिल्या 14 वेळा घासताना तो आपोआप टप्प्याटप्प्याने वाढला. आता साधा ब्रश दिला तर तिला दात घासल्यासारखंच वाटत नाही. तारांच्या वरून आणि खालून वेगवेगळं घासायचं, हे तिच्या डॉक्टरांनी शिकवलं. फ्लॉस मात्र अजून रडतरखडत.

सांजवेळ (नाशिक), 13 जानेवारी, सकाळी 6:50

जाईजुई ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझ्या आईला पार्किन्सन्स आहे, वय 71. हात थरथरतो, ब्रश दातांऐवजी गालावर आपटतो. ओठाला आतून जखमा होतात. तिला जमेल का हे? आणि ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी मी घासून देताना ती खोकते, ठसका लागतो, मला भीती वाटते.

जाईजुई (पुणे), 13 जानेवारी, सकाळी 9:15

सांजवेळ, आम्ही जे केलं ते सांगते, पण आईंच्या न्यूरोलॉजिस्टना एकदा विचारा. गिळायला त्रास असेल तर गिळण्याची तपासणी करणारे थेरपिस्ट असतात, आम्हाला त्यांचा फार उपयोग झाला. कुणाला पेसमेकर असेल तर ब्रश घेण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं, हे ब्रशसोबतच्या पुस्तिकेतही लिहिलेलं असतं.

बेसिनपाशी उभं करू नका. पाठ टेकून ताठ बसतील अशी हाताची खुर्ची, समोर टेबल, टेबलावर वाटी आणि आरसा. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवायची. कोपर टेकलं की बाबांचा हात निम्मा स्थिर झाला, हे मला ऑक्युपेशनल थेरपिस्टनी, म्हणजे रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवणाऱ्यांनी, दाखवलं. हनुवटी किंचित खाली, मान मागे अजिबात नाही.

पेस्ट हरभऱ्याएवढीसुद्धा नको, नुसता डाग. फेस जितका कमी तितका ठसका कमी. ब्रश आधी दातावर टेकवायचा आणि मग बटण दाबायचं, नाहीतर सगळीकडे उडतं आणि दचकायला होतं. बंदही तोंडातच करायचा. अर्ध्या मिनिटाच्या खुणेला थांबून थुंकून घ्यायचं, सलग दोन मिनिटं करायलाच हवीत असं नाही.

बाबांच्या उजव्या गालात घास अडकून राहायचा आणि त्यांना कळायचंही नाही. म्हणून घासण्याआधी मी बोटाला ओला गॉज गुंडाळून गालाच्या आतून फिरवते. एवढंच ते मला करू देतात.

ज्या दिवशी आईंना जमणार नाही त्या दिवशी समोरून घासू नका. बाजूला, थोडं मागे बसा, त्यांचं डोकं तुमच्या खांद्याला टेकू दे, आणि ब्रशवर तुमच्या हाताखाली त्यांचा हात असू दे.

मुलुंडकर, 13 जानेवारी, सकाळी 10:30

हे वाचून माझं मत बदललं, असं लिहायला मला संकोच वाटत नाही. माझ्या सासूबाईंच्या बोटांना संधिवात आहे, मुठी वळत नाहीत. त्या दात कशा घासतात हे मी कधी विचारलंच नव्हतं. आज विचारलं. बोटाला पेस्ट लावून, म्हणाल्या. निळाई, खालच्या श्रेणीतला पण दाबाचा दिवा असलेला चालेल का? त्यांना खालच्या बाजूला अर्धी कवळी आहे.

निळाई, 13 जानेवारी, दुपारी 2:00

चालेल. फक्त बटण मऊ आहे ना, ते दुकानात त्यांच्याच बोटाने दाबून बघा. काही ब्रशांचं बटण संधिवाताच्या अंगठ्याला दबत नाही. मूठ निसटत असेल तर सायकलच्या हँडलचं रबर चढवा, फक्त चार्जिंगचं बूड मोकळं ठेवा. कवळी काढून, वेगळ्या मऊ ब्रशने, पेस्ट न लावता साध्या साबणाने धुवायची. इलेक्ट्रिक ब्रश फक्त उरलेल्या नैसर्गिक दातांना. आणि कवळीची तार ज्या दातांना धरते ते दात सगळ्यात आधी, तिथेच कीड लागते.

सांजवेळ (नाशिक), 19 जानेवारी, रात्री 9:45

ब्रश गुरुवारी आला. आईला पहिल्यांदा नुसता बंद ब्रश हातात धरायला दिला. मग चालू करून तळहातावर, मग बाहेरून गालावर. दोन दिवस तोंडात घालूच दिला नाही. काल टेबलाशी बसून, कोपरं टेकवून, खालच्या पुढच्या सहा दातांवर तिने स्वतः फिरवला. हात थरथरतच होता, पण ब्रशचं डोकं लहान असल्याने गालावर आपटलं नाही. ठसका नाही. आज वरचे दातही. दाढांपर्यंत हात पोहोचत नाही, तिथे मी हाताखाली हात ठेवून केलं.

एक विचारायचंय. सोबत आलेलं हेड तिला टोचतं म्हणते. याहून मऊ मिळतं का?

जाईजुई (पुणे), 19 जानेवारी, रात्री 10:10

मिळतं, नाजूक हिरड्यांसाठीचं वेगळं हेड असतं, बाबांना तेच लावते. तुमच्या मॉडेलला बसेल तेच मागवा. ते येईपर्यंत सध्याचं हेड घासण्याआधी मिनिटभर कोमट पाण्यात बुडवून ठेवा, केस नरम पडतात. आणि सगळ्यात हळू चालणारा मोड लावून द्या.